नुसता टाका

—पिना पक्क्या करून देतो ना, त्यात काय, चाळीस गेटं तर आहेत, दुपारभराचं काम — पण मघाशी जे विचारलंत ते पुन्हा विचारा, ग्राइंडर चालू होता, मला अर्धंच ऐकू आलं. बहिणीला न्यावं की नको? असं होय. एवढाले पैसे मोजून स्टेडियमात जायचं, तो गाणारा लांब कुठं तरी काडेपेटीएवढा दिसणार, मोठ्या पडद्यावरच बघायचं तर घरचा काय वाईट — हेच ना? आणि हे मला विचारताय, कमाल आहे. मी लोखंडातला माणूस, मला गाण्यातलं काय कळतंय? पण देतो, उत्तर देतो, घाई नका करू. तेवढं हे गेट या दोन खांबांत टांगलंय ते जरा धरा. आतल्या बाजूनं या. गेटाकडं तोंड, माझ्याकडं पाठ. दोन्ही हातांनी वरचा पाइप धरा — हां, असं. बिजागरी सरळ बसलीय का ते बघायचंय. दुकानात मी एकटा, त्यामुळं गिऱ्हाइकालाच कामाला लावतो. राग मानू नका.

तर तुमचं म्हणणं असं, की लोक पिना उपसतात आणि बिनतिकिटाचे आत घुसतात, म्हणून प्रत्येक गेटाची पिन वेल्डिंगनं पक्की पाहिजे, आणि नमुना म्हणून तुम्ही हे एक गेट वेगळं काढून आणलंत — ‘याची आधीच केलेली आहे, बाकीच्यांची अशीच करून द्या.’ बरोबर? हे बघा, हे तुमच्या पायाशी आहे ते. नवी घेतली म्हणालात गेटं. रंग नवा आहे, साहेब. खाली लोखंड जुनंच. आणि हा सांधा — मी नखानं रंग खरवडतो, बघा — ही एकावर एक पडलेली खवल्यांसारखी ओळ दिसते? माणसाचं अक्षर ओळखू येतं ना, तसा आमचा सांधा ओळखू येतो. टाका वेगळा आणि सांधा वेगळा. टाका म्हणजे दोन थेंब, कपड्याला कच्ची शिलाई घालतात तसा, नुसतं जागेवर धरून ठेवायला. पाच-सहा माणसांनी अंग टाकलं की सुटला. सांधा म्हणजे गोल फिरवून पूर्ण भरलेला. मग पाइप वाकेल, भिंत पडेल, सांधा जागचा हलणार नाही. हातोडीनं वाजवून बघायचा. ऐका — टण्ण. आत कुठं तडा असता तर थड्ड वाजला असता. केवढा स्वच्छ आवाज आहे बघा. कुणाचा हात आहे विचाराल तर माझा आहे. हो, माझाच. या शेजारी पाइपाला नवा तुकडा जोडलाय तो मात्र माझा नव्हे, तो कुणी तरी घाईघाईनं जोडलाय. तिथं अग्निशमनवाल्यांनी कापलं होतं. सांधा तुटेना म्हणून शेजारून पाइप कापला.

नाही नाही, सोडू नका, धरून ठेवा. तुम्हाला माहीत नव्हतं? नसणारच. तुम्ही नवे, कंपनी नवी, कुणी तरी सांगितलं असेल की त्या गल्लीतल्या वेल्डरचं काम चोख, आणि आलात. मागच्या वर्षीचं म्हणतोय मी, हो, तेच, गाण्याच्या गर्दीत बावीस माणसं गेली ते. तुम्ही पेपरात वाचलं असेल.

आमची बारकी एकोणीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, गिऱ्हाइकांना अक्षरांच्या पाटीसमोर बसवायची. माझी वेल्डिंगची काच रोज पुसून द्यायची, दुकानातलं मऊ फडकं आणून — म्हणायची, बाबा, तुम्ही डोळे घालवा, मग मी तुम्हाला फुकट चष्मा करून देते, तोवर काच लावा. तिला जायचं होतं त्या गाण्याला. तिकिटाचा आकडा ऐकला आणि मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, तुझा दोन महिन्यांचा पगार, तीन तास ओरडायला? रेडिओवर तोच माणूस फुकट बोंबलतोय की. तिची आई म्हणाली, जाऊ द्या ना, एकदा तर आहे. मी म्हटलं, एकदा काय नि दोनदा काय, अक्कल गहाण टाकायची ती टाकायचीच. आणि बारकी काय म्हणाली सांगू? चिडली नाही. म्हणाली, बाबा, रेडिओवर मी एकटीच असते. तिथं मला येतं ते गाणं ऐंशी हजार लोकांना येत असतं. — झालं. आमच्या घरात मला उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवतो. तसा चढवला. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, काच मात्र पुसून ठेवायची. मी आणखी काळी करून ठेवायचो. आमचं भांडण हे असं.

आणि त्याच आठवड्यात गेटाचा ठेकेदार आला, त्याची गेटं मीच घडवलेली. तुमचाच धंदा त्याचा. म्हणाला, पिनांचं काही तरी कर, लोक उपसतात, पोरं आत शिरतात. म्हटलं करतो. मजुरीचं बोलणं निघालं तर म्हणाला, तुला पुढच्या आवारातला एक पास देतो, अगदी स्टेजसमोरचा, बाजारात तो मिळत सुद्धा नाही. मला हसू आलं. म्हटलं, ही तर घरात बसून लॉटरी. जे तिकीट घ्यायला मी नाही म्हणत होतो त्याच्या चौपट भारी, आणि फुकट. पास घेऊन घरी गेलो, तिच्या उशीखाली ठेवला. सकाळी तिनं काच पुसून दिली आणि काचेवर बोटानं एक नाक काढून ठेवलं, मोठं, माझ्यासारखं. तेवढ्यावर सगळं मिटलं.

ही ट्रॉली जरा तुमच्या मागं घेतो हं. दोन सिलिंडर आहेत तिच्यावर, दुकानात ठेवायला जागा नाही. टेकली का पाठीला? असू दे. हलू नका.

पुढचं आवार म्हणजे काय ठाऊक आहे ना — स्टेजसमोरचा उभ्या लोकांचा भाग, तिन्ही बाजूंनी गेटं. माझी. संध्याकाळी साडेसातला तिचा फोन आला. मी घरी, तिची आई समोर भाजी निवडतेय. बारकी म्हणाली, बाबा, ऐका — आणि फोन वर धरला. खोटं कशाला सांगू, साहेब, अंगावर काटा आला. एवढी माणसं एका तोंडानं एकच ओळ म्हणत होती, आणि त्यात ती कुठं आहे ते ओळखू येईना, आणि ते ओळखू येईना यातच तिला मजा वाटत असणार. मग तिनं फोन कानाला लावला. म्हणाली, फार दाटी झालीय बाबा, मागून येतच आहेत लोक. पण हसत होती. मी तो हसण्याचा आवाज हजार वेळा मनात फिरवून बघितलाय. हसतच होती. आणि तिच्या मागं मला दुसरा आवाज ऐकू आला. गाण्यातला नव्हे. टण्ण. टण्ण, टण्ण. लोखंडाचा. कुणी तरी गेट हाणत होतं, हातानं, लाथांनी, एक नाही, खूप जण. तीस वर्षं लोखंड वाजवणारा माणूस मी, एवढ्या गदारोळात मला तोच आवाज ऐकू यावा. आणि मी काय केलं? फोन तिच्या आईच्या कानाशी नेला. म्हटलं, ऐक, हे गेट माझं. बघ कसं वाजतंय, कुठं केसाएवढा तडा नाही. तिची आई म्हणाली, इश्श, तिथंही तुमचं लोखंडच का. मी हसलो. बारकी पलीकडून ‘बाबा’ म्हणाली, मी म्हटलं हो हो, तू मजा कर, आणि बंद केला.

असं.

माणूस तिथं तुडवला जाऊन मरत नाही, लोकांना वाटतं तसा. पडायला जागा लागते ना तुडवायला. उभाच मरतो. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, भला माणूस होता, हातवारे करून सांगत होता — श्वास बाहेर सोडला की छाती आत जाते, मागचा माणूस तेवढी जागा घेतो, मग पुन्हा आत घ्यायला जागा नसते. प्रत्येक श्वासाला एकेक दोरा आवळत जावा तसं. मागच्यांना कळत नाही, ते गात असतात. म्हणजे शेवटपर्यंत तिला ते गाणं ऐकू येत होतं. तिची आई म्हणते, बरं झालं, निदान गाणं तरी होतं. शवागारापाशी तिच्या आईला मी बाहेर ठेवलं आणि आत एकटा गेलो ओळख पटवायला. छातीवर तीन उभे पट्टे होते, काळेनिळे, आणि गालावर चौथा. मी दोन पट्ट्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं. हसू नका — नाही, तुम्ही कुठं हसताय. सवय असते हाताला. चार इंच. दोन पाइपांत कुणी पाच ठेवतं, कुणी सहा ठेवून पाइप वाचवतं, मी चार ठेवतो, लहान मूल अडकू नये म्हणून.

कुठं चाललात? मागं ट्रॉली आहे. ट्रॉलीच्या मागं मी आहे. गेटाकडंच बघा. तू गेटाकडं बघ. आता जरा पुढं सरकवतो. हां. छाती लागली ना उभ्या पाइपांना? किती आहेत छातीवर — तीन? मोज. ओरडायला वारा लागतो छातीत, तो जपून ठेव, उपयोगी पडेल. मी काही तुला मारणार नाही. मारणाऱ्याचं हे काम नव्हे. तू विचारलंस ना पैसे वसूल होतात का, मी उत्तर देतोय. हे मोजूनच कळतं.

त्या टेबलाकडं बघू नकोस सारखा. तो व्हाइस आहे. लोखंड पकडायला असतो. ठेकेदाराचा हात त्यातच गेला. पंधरा दिवसांनी आला होता तो, चौकशीत कुणी काय बोलायचं ते ठरवायला. उभा राहिला, बोलता बोलता हात टेबलावर टेकवला, दोन जबड्यांच्या मध्ये. त्यानं टेकवला, मी नाही ओढला. मी फक्त दांडा फिरवला. पहिल्या फेऱ्याला त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. दुसऱ्याला करंगळी गेली. फार आवाज होत नाही, वर्गात खडू मोडतो तेवढाच. तिसऱ्या फेऱ्याला तो गुडघ्यावर आला, टेबलाला लटकल्यासारखा, आणि एकच वाक्य बोलत राहिला. शिवी नाही, आईची आठवण नाही. ‘मी टाका म्हणालो होतो. नुसता टाका मार म्हणालो होतो.’ प्रत्येक फेऱ्याला तेच. ‘टाका म्हणालो होतो रे, टाकाच.’

आणखी थोडं सरकवतो. थोडंच.

तर मी चौकशीत सांगितलं, ठेकेदारानं पूर्ण भरायला लावलं. लिहून घेतलं त्यांनी. तो आत गेला, तीन वर्षं. त्याचा हात कसा गेला विचारलं तर म्हणाला, मशीनमध्ये आला. का म्हणाला असं, मला ठाऊक नाही. त्याला विचारायला मी गेलो नाही. पण व्हाइस फिरवताना — हे मी कुणाला, बारकीच्या आईला सुद्धा — तो खरं बोलत होता. टाकाच म्हणाला होता तो. इथंच उभा होता, तू आहेस तिथं. म्हणाला, नुसता टाका मार, वेळ आली तर तुटला पाहिजे. त्याला कळत होतं. त्याला कळत होतं, म्हणून म्हणाला. आणि मी रॉड लावला, दोन थेंब टाकले, हात उचलायला हवा होता, नाही उचलला. माझ्या हातून कच्चं काम होत नाही. आणि पास फुकटचा होता ना. एवढा भारी पास, पोरीला स्टेजसमोर उभी करणारा, त्याच्या बदल्यात दोन थेंब? कुणाचं फुकट खाल्ल्यासारखं व्हायला नको. म्हटलं, पूर्ण भरून देऊ. चाळीसच्या चाळीस. रात्री हात भरून आला तरी भरत बसलो. तिच्यासाठी भरत बसलो. तो टाका म्हणत होता आणि मी दांडा फिरवत होतो, आणि तो खरं बोलतोय हे मला जितकं कळत होतं तितका मी जोरात फिरवत होतो. सगळी बोटं होईपर्यंत. तो बोलायचा थांबेपर्यंत.

रडू नकोस. रडण्यात वारा जातो.

आता ऐक. नीट ऐक. उजवा हात खाली घे. गेटाच्या कडेला, कमरेजवळ, कडी लागते? लोखंडाची, बोट जाईल एवढी. तीच पिन. या गेटाची मोकळी आहे, मी हात लावलेला नाही. वर ओढ. जोर आहे म्हणून अडतेय, घाबरू नकोस, अडतेच, थोडी उजवीकडं हलव आणि हिसका दे. एका बोटानं येते. एकोणीस वर्षांच्या पोरीला सुद्धा येते. पुन्हा. दे हिसका — दे—

बघ.

एवढंच होतं.

उठा. गुडघा फुटला वाटतं. बाहेर नळ आहे, धुऊन घ्या. बसा त्या पायरीवर, मी येत नाही जवळ. ट्रॉली मागं घेतलीय, बघा. पोलिसांकडं जायचं असेल तर या रस्त्यानं सरळ, डावीकडं चौकी. जा म्हणून सांगतोय, धमकी नाही. माझं नाव ते ओळखतात, मी त्यांना एकदा खोटं सांगून आलोय. तुम्ही गेलात तर बाकीचं मलाही सांगता येईल, एका फेरीत दोन कामं.

आणि गेटं घेऊन जा. एकोणचाळीस. पिना जशा आहेत तशा मोकळ्या राहू देत. मालकाला सांगा, वेल्डर म्हातारा झालाय, हात कापतो. फुकट घुसणारे घुसू देत आत, काय बिघडतं. दुसऱ्या कुणाकडून भरून घेतलीत तर मला कळेल. मी त्या दिवशी स्टेडियमात येणार आहे, सगळ्यांच्या आधी, हातोडी घेऊन, एकेक वाजवून बघणार आहे.

हे नमुन्याचं गेट मात्र इथं राहू दे. याचं काय करणार म्हणता? सांधा तोडणार आहे. ग्राइंडर नाही लावायचा. हातोडीनं. तुटतो का बघायचंय, आणि किती माणसांचा जोर लागतो.

काय म्हणालात? बहिणीचं. हो, ते राहिलंच. न्या. न्या तिला, पैसे घालवा. आणि आत गेल्यावर आधी गेटापाशी नेऊन तिच्याकडून पिन एकदा ओढून घ्या, मग गाणं ऐका. किंमत मला नका विचारू, आमचा पास फुकटचा होता.

आता जा. दारात उभे राहू नका, उजेड अडतोय.